‘लागू नाही’चं कलम

१२ जानेवारी

वहिनी,

नमस्कार आधीच घालून ठेवतो. शेवटी घालायचा म्हटलं तर तोवर तुम्ही चिडलेल्या असता.

मी नुसते निरोप टाकतो, पत्र म्हणून लिहीत नाही, ही तुमची जुनी तक्रार. म्हणून हे ऐसपैस पत्र. मेलने पाठवतोय, म्हणजे तुमचा स्क्रीन रीडर तुम्हाला ते वाचून दाखवील आणि दादाला मध्ये पडावं लागणार नाही.

बातमी अशी की सरकारने सुगम्यतेचं नवं मानक काढलंय. यापुढे सरकारी कचेरीतल्या संगणकावर जे सॉफ्टवेअर चालेल, ते न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या, हात नीट न चालणाऱ्या माणसालाही वापरता आलं पाहिजे. कंपनीने तसं कलमवार लिहून द्यायचं. प्रत्येक कलमासमोर चारपैकी एक उत्तर: पूर्ण, अंशतः, नाही, किंवा लागू नाही. आमच्या स्क्रीन रीडरचा, म्हणजे तुमच्या भाषेत बोलक्याचा, अहवाल लिहायचं काम बाईंनी माझ्या गळ्यात मारलं. बाई म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीणबाई, त्यांना नाही म्हणायची सोय नाही.

मला आधी हसू आलं. बोलक्याचा जन्मच मुळी न दिसणाऱ्यांसाठी झालेला, त्याची कसली सुगम्यता तपासायची? पण नियम म्हणजे नियम. अहवाल झाला. जवळपास सगळीकडे ‘पूर्ण’. पंधरा फेब्रुवारीला तो सरकारी परीक्षण केंद्राकडे जाईल.

सोबत अहवाल जोडलाय, आणि आमच्या टोळीचा फोटोही. वाचा आणि कौतुक करा. तुमच्याकडून ते आपणहून मिळत नाही, म्हणून मागून घेतोय.

तुमचा (स्वतःच ठरवलेला) लाडका दीर


१९ जानेवारी

भाऊजी,

पत्र खरंच ऐसपैस आहे, हातपाय पसरून बसलंय. दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा तुमचे दादाही ऐकायला बसले आणि म्हणाले, धाकटा सुधारला. मी म्हटलं थांबा, अजून फोटो यायचाय.

फोटोपाशी आल्यावर बोलक्या म्हणाला, ‘चित्र’, आणि गप्प झाला. सुगम्यतेचा अहवाल लिहिणाऱ्या माणसाने मला चित्र पाठवावं आणि त्यात कोण कुठे उभं आहे याची एक ओळ लिहू नये, याला काय म्हणायचं ते मी दादांना विचारलं. ते हसत सुटले. शेवटी त्यांनीच सांगितलं की मधोमध तुम्ही आहात आणि पोट आत ओढून उभे आहात.

अहवाल मात्र मी पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत ऐकला. नोंदणी कचेरीत दिवसभर लोकांचे जन्म आणि मृत्यू रकान्यांत भरते, त्यामुळे रकान्यांचा मला कंटाळा नाही. चांगलं काम केलंयत. हे कौतुक, जपून ठेवा. आता पुढे.

मदतीच्या फोनसमोर तुम्ही ‘पूर्ण’ लिहिलंय. म्हणून मी नाव न सांगता तुमच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, “मॅडम, उजव्या कोपऱ्यात निळं बटण दिसतंय का?”

“नाही.”

“नीट बघा ना, निळं आहे.”

“मला दिसत नाही.”

“मग घरात कुणी दिसणारं आहे का?”

मी म्हटलं, आहे, पण ते भाजी आणायला गेलेत. तिने मला नंतर फोन करायला सांगितलं.

मग पुस्तिका उघडली. तिच्यासमोरही ‘पूर्ण’. बोलक्या म्हणाला, ‘चित्र, चित्र, चित्र’. छापील पानांचे फोटो काढून घातलेत तुम्ही. शिवाय तक्त्यात शिरलं की हा रकान्यांची शीर्षकं सांगत नाही. मुलाचा बाप कोण आणि मयत कोण, हे मला अंदाजाने ओळखावं लागतं. तिथेही ‘पूर्ण’.

आणि एक कलम आहे, सॉफ्टवेअर संगणकावर बसवण्याचं. ते वापरणाऱ्याला स्वतःला, कुणाच्या मदतीशिवाय बसवता यावं, असं मानक म्हणतं. समोर तुम्ही लिहिलंय, ‘लागू नाही’. हे कसं, ते जरा समजावा.

तुमची वहिनी


२७ जानेवारी

वहिनी,

फोटोबद्दल दंडवत. पोट मी आत ओढलेलं नव्हतं, ते तसंच आहे.

मदतीच्या फोनचं ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. पुस्तिकेचंही मान्य, कान पकडतो. दोन्ही ठिकाणी ‘पूर्ण’ खोडून ‘अंशतः’ केलंय.

पण तक्त्याच्या शीर्षकांबाबत मी हार मानणार नाही. बोलक्याच्या सेटिंगमध्ये जा आणि ‘तक्त्याची शीर्षकं सांगा’ हा पर्याय बघा. बंद असणार. मी पैज लावतो, तो तुम्हीच बंद केलात.

आता तुमचं मुख्य कलम. सरकारी कचेरीत सॉफ्टवेअर तुम्ही बसवत नाही, संगणक विभागाचा माणूस येऊन बसवतो. त्याला दिसतं. म्हणून लागू नाही. शिवाय जरा विचार करा, बोलक्या बसलेलाच नाही तर तो बोलणार कुठून? बाळ जन्माला यायच्या आधी रडलं नाही म्हणून कुणी तक्रार करतं का? तुमच्याच खात्यातलं उदाहरण दिलं, म्हणजे पटेल.

मुदत तोंडावर आलीय. आता आणखी खुसपटं काढू नका. तुम्हाला सवय आहे हे मला ठाऊक आहे, दादाच्या शर्टाच्या इस्त्रीतसुद्धा तुम्ही बोटांनी चुण्या शोधता. पण हा सरकारी कागद आहे.

तुमचा दीर


४ फेब्रुवारी

भाऊजी,

पैज तुम्ही जिंकलात. पर्याय बंद होता आणि तो मीच बंद केला होता. एक दिवस मृत्यूंचा मोठा तक्ता चालला होता आणि हा प्रत्येक ओळीला ‘मयताचे नाव, मयताचे नाव’ करत होता, मी वैतागून त्याचं तोंड मिटलं आणि विसरून गेले. आता चालू केलाय. सगळ्यांसमोर सांगा, वहिनी हरली म्हणून.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हललेली नाही.

मागच्या वर्षी माझा संगणक बदलला. जुना उचलून नेला, नवा आणून ठेवला. संगणक विभागाचा माणूस दुसऱ्या शाखेत होता. आज येतो, उद्या येतो म्हणत आठवडा गेला. बोलक्याचा पेनड्राइव्ह माझ्या खणात पडलेला. मी तो लावूनही बघितला. काहीतरी उघडलं असणार, पण काय उघडलं, ते काय विचारतंय, काय दाबायचं, काही कळेना. मग मी त्या कोऱ्या संगणकासमोर मांडीवर हात ठेवून बसून राहिले. खिडकीत लोक यायचे आणि शेजारच्या टेबलाकडे पाठवले जायचे. साहेब भले आहेत, म्हणाले, घरी जा, आराम करा. मला आराम नको होता. खरं सांगते, डोळे गेले तेव्हासुद्धा मला इतकं आंधळं वाटलं नव्हतं, जितकं त्या आठवड्यात वाटलं.

लोकांना वाटतं, आम्हाला पावलांवरून माणूस ओळखता येतो. मला येत नाही. मी सरळ विचारते, कोण आहे? पण विचारायला माझ्या हातात काम असावं लागतं.

तुम्ही एवढंच करा. तुमच्या पडद्यावर टॉवेल टाका. माऊस खणात ठेवा. आणि बोलक्या स्वतः बसवून बघा. जमलं तर खुशाल ‘लागू नाही’ लिहा, मी चकार शब्द काढणार नाही.

तुमची वहिनी


७ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र हाताने लिहून टपालाने पाठवतोय, कारण संगणकावर लिहिलं तर तुझी वहिनी ऐकेल. तिने मला सक्त ताकीद दिलीय की तुला सांगायचं नाही.

तिचे साहेब मेच्या अखेरीस निवृत्त होताहेत. ज्येष्ठतेने नोंदणी अधिकाऱ्याची खुर्ची तिची आहे. पण परिपत्रक आलंय. अधिकाऱ्याला नव्या प्रणालीवर काम करावं लागतं आणि त्या प्रणालीच्या संगणकावर मानकात बसलेलंच सॉफ्टवेअर चालेल. तुमचा बोलक्या पास झाला तर खुर्ची तिची. नाही झाला तर तिला आवक विभागात बसवतील, आलेल्या पाकिटांवर शिक्के मारायला. पगार तोच राहील. ती राहील की नाही ते मला सांगता येत नाही.

आणि ही बाई रोज संध्याकाळी बसून तुझ्या अहवालातल्या चुका काढतेय. मी म्हटलं, अगं, तो अहवाल पास व्हायला हवाय ना तुला? तर म्हणते, तुम्ही पेपर वाचा.

मला काय करावं सुचेना, म्हणून तुला कळवलं. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

दादा


१० फेब्रुवारी

वहिनी,

दादाने मला काहीही सांगितलेलं नाही. तरी मला सगळं कळलंय.

तुम्ही मला हे सांगायला हवं होतं. परक्यासारखं का वागलात? मी इथे तुमच्या पत्रांना खुसपटं म्हणत बसलो, आणि तुम्ही तिकडे स्वतःच्याच खुर्चीचे पाय कापत होतात. मला राग आलाय. कुणाचा ते नीट ठरवता येत नाही.

टॉवेल टाकला. माऊस खणात ठेवला. पेनड्राइव्ह लावला आणि बसलो. खोली एकदम शांत. एन्टर दाबलं. काहीतरी झालं असावं. परत दाबलं. बराच वेळ मी मोठ्या आशेने एन्टर दाबत होतो. टॉवेल काढून बघितला, तर मी दरवेळी ‘रद्द करा’वर होतो. आम्ही इतकी वर्षं बोलक्याची चाचणी घेतोय, आवाज ऐकत आणि डोळ्यांनी पडदा बघत. तो जिथे गप्प बसायचा तिथे आम्ही वाचून घ्यायचो आणि आम्हाला वाटायचं, ऐकलं.

तेव्हा तुमचं बरोबर, माझं चूक. पण आता नीट ऐका. ‘लागू नाही’ मी तसंच ठेवणार आहे. परीक्षण केंद्र लेखी उत्तरांवर मंजुरी देतं, प्रत्येक कलम काही करून बघत नाही. तिथे ‘नाही’ लिहिलं तर अख्खा अहवाल परत येईल. तुम्ही आधी खुर्चीत बसा. मग आम्ही सावकाश दुरुस्त करू, शब्द देतो. एकदा तरी लहान दिराचं ऐका.

तुमचा दीर


१२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या दादांशी मी कालपासून बोलत नाही, त्यावरून त्यांनी काही सांगितलं नसणार हे तुम्ही ओळखा.

खुर्ची मला हवी आहे. हे मी कुणाजवळ बोलले नाही, तुम्हाला सांगते. इतकी हवी आहे की एक दिवस सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचून मी साहेबांच्या खोलीत जाऊन तिच्यावर बसून आले. या वयात. शिपाई झाडायला आला, तशी उठून खिडकी पुसल्याचं नाटक केलं.

म्हणूनच तुम्हाला सांगतेय. ‘लागू नाही’ म्हणजे काय, ते एकदा मोठ्याने वाचा. त्याचा अर्थ, न दिसणारं माणूस एकटं आपला संगणक सुरू करील, असं कधी होणारच नाही. असं माणूसच नाही. मी आहे ना. मला लागू आहे. दुसऱ्या कुठल्या कचेरीत अशीच कुणी बसली असेल. उद्या तिच्या टेबलावर नवा संगणक ठेवतील, ती मांडीवर हात ठेवून वाट बघत बसेल, आणि कागदावर असेल की तिला काही अडचण नाही. आणि तो कागद माझ्या खुर्चीखाली असेल. मला ते सहन होणार नाही. मी तिथे एक दिवस सुखाने बसणार नाही.

माझ्या नावाने खोटं लिहू नका. लिहिलंत तर परीक्षण केंद्राला मी स्वतः पत्र लिहीन. माझा टायपिंगचा वेग तुम्हाला माहीत आहे.

वहिनी (अजून तुमचीच)


८ एप्रिल

वहिनी,

इतके दिवस पत्र नाही, कारण आधी लिहायला तोंड नव्हतं आणि नंतर वेळ नव्हता.

तुमचं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. तुम्हाला न विचारता, खुर्चीवर बसून आल्याच्या भागासकट. बाईंनी अहवाल उघडून त्या कलमावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “ते खोडा. ‘नाही’ लिहा. खाली लिहा, दुरुस्त करून देतो, मुदत द्या.”

मी म्हटलं, “अहवाल परत येईल.”

“येऊ दे. परत पाठवू.”

आला परत. सोबत एप्रिलच्या अखेरीपर्यंत मुदत. त्या दिवशी मी जेवलो नाही, तुम्हाला कळवलंही नाही. तुमची खुर्ची मी माझ्या हाताने घालवली, असंच वाटत होतं.

मग बाई बाजारात जाऊन टॉवेल घेऊन आल्या, कचेरीतल्या प्रत्येक पडद्याला एक. दुकानदाराने विचारलं, लॉज काढताय का? नियम असा की पडदा झाकल्याशिवाय बोलक्याची कुठलीही चाचणी नाही. पहिल्या दिवशी अख्ख्या कंपनीत एकालाही तो बसवता आला नाही. आमचा मुख्य प्रोग्रॅमर, ज्याला काडीसारखा आहे म्हणून सगळे पहिलवान म्हणतात, तो स्वतःच लिहिलेल्या सॉफ्टवेअरला शिव्या घालत होता. बाई म्हणाल्या, “घाल, पण वहीत लिहून ठेव, कुठल्या ठिकाणी घातलीस ते.” त्या शिव्यांच्या क्रमानेच दुरुस्ती झाली.

बाळ जन्माआधी रडत नाही, असं मी लिहिलं होतं. ते मागे घेतो. पहिलवानाने पेनड्राइव्हमध्येच एक छोटा आवाज घातला. बोलक्या बसायच्या आधी हा आवाज जागा होतो. काय विचारलंय, कुठला पर्याय निवडलाय, किती काम झालं, सगळं सांगतो. माऊसची गरज नाही. पुस्तिका नव्याने अक्षरांत लिहून घेतली. आणि मदतीच्या फोनवर तुमच्याशी बोललेली ती मुलगी आता स्वतः टॉवेल टाकून बसते. निळ्या बटणाचं नाव काढत नाही.

आता खरी गोष्ट. ज्या कलमावर आम्हीच ‘नाही’ लिहिलं होतं, त्याचं नुसतं लेखी उत्तर परीक्षण केंद्राला पुरणार नाही. कंपनीबाहेरच्या, न दिसणाऱ्या, सरकारी कर्मचाऱ्याने कोऱ्या संगणकावर, कुणीही हात न लावता बसवून दाखवायचं. मी तुमचं नाव दिलं. नातंही सांगितलं, लपवलं नाही. परीक्षकबाई म्हणाल्या, “भावजय असेल तर उलट बरं. ती चुका जास्त काढेल.”

येणार ना?

तुमचा दीर


२६ एप्रिल

भाऊजी,

तुम्हाला काल आत सोडलं नाही, म्हणून सगळं लिहून पाठवते. दादा म्हणतात, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून नखं खात होतात. मी त्यांच्याशी बोलायला लागलेय, हे यावरून कळेल.

आत परीक्षकबाई, त्यांचे दोन सहकारी आणि मी. आवाजावरून परीक्षकबाई कडक वाटल्या. त्यांनी माझा हात संगणकापर्यंत नेला आणि म्हणाल्या, “इथून पुढे आम्ही खोलीत नाही असं समजा.” मी म्हटलं, मला तर ते सोपं आहे. कुणी हसलं नाही.

पेनड्राइव्ह लावला. तुमचा तो छोटा आवाज लगेच म्हणाला, ‘नमस्कार, मी वाचून दाखवतो. पुढे जाण्यासाठी एन्टर दाबा.’ भाऊजी, मला तिथेच रडू आलं असतं. आवरलं. मागच्या वर्षीचा तो आठवडा माझ्या डोक्यात होता आणि आता तेच टेबल असल्यासारखं वाटत होतं, फक्त या वेळी कुणीतरी बोलत होतं.

मग करारनामा आला. तो म्हणाला, वगळायचा असेल तर अमुक दाबा. मी वगळला नाही, सगळा ऐकला. दिसणारी माणसं तो कधी वाचत नाहीत म्हणतात, मी म्हटलं आपण ऐकून तर घेऊ. सहकाऱ्यांपैकी एकाने जांभई दिली. ऐकून झाल्यावर मी ‘मान्य’वर गेले. त्याआधी मुद्दाम ‘रद्द करा’वरही जाऊन आले. त्याने स्पष्ट सांगितलं, ‘रद्द करा’. तुमची आठवण झाली.

काम होत आलं आणि तो म्हणाला, ‘संगणक पुन्हा सुरू होईल.’ आणि आवाज गेला. काहीच नाही. पंख्याची घरघर तेवढी. मी बोटं कीबोर्डवर ठेवून बसले. परीक्षकबाईंच्या पेनचा आवाज यायला लागला, काहीतरी लिहीत होत्या. मला वाटलं, संपलं. माझी खुर्ची, तुमचा अहवाल, पहिलवानाच्या शिव्या, सगळं पाण्यात. एकदा वाटलं, विचारावं, पडद्यावर काय दिसतंय? ओठांपर्यंत आलं होतं. विचारलं असतं तर परीक्षा तिथेच संपली असती. मी तोंड घट्ट मिटून बसले.

आणि मग बोलक्या बोलला. माझा रोजचा बोलक्या, त्याच्या त्या शिष्ट आवाजात. ‘तयार आहे.’

परीक्षकबाई म्हणाल्या, “आता एक जन्म नोंदवा.” मी नोंदवला. कोण बाप, कोण आई, रकान्यांच्या शीर्षकांसकट. त्यांनी प्रत छापून घेतली, वाचली, आणि खोलीत नसलेल्या त्या बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “आमच्या केंद्रात अशी परीक्षा आम्ही पहिल्यांदाच घेतली. आधीच घ्यायला हवी होती.”

निकाल अजून यायचाय. पण तो मनासारखा आला नाही तरी मी हे स्वतः केलंय, ते आता कुणाला खोडता येणार नाही.

तुमची वहिनी


१६ मे

वहिनी,

आला निकाल. बसा आधी.

बोलक्या मंजूर. सगळ्या सरकारी कचेऱ्यांसाठी. बसवण्याच्या कलमासमोर परीक्षकबाईंनी स्वतःच्या हाताने ‘पूर्ण’ लिहिलंय. मदतीचा फोन पूर्ण, पुस्तिका पूर्ण. एका ठिकाणी ‘अंशतः’ आहे. बोलक्याच्या, पडद्यावर उघडणाऱ्या खिडक्यांमधली अक्षरं फिकी आहेत, थोडं दिसणाऱ्यांना ती वाचता येत नाहीत. ते खरंच आहे, म्हणून भांडलो नाही. पहिलवान कालपासून अक्षरं काळी करतोय.

आणखी एक. निकालासोबत सगळ्या कंपन्यांसाठी सूचना निघालीय. यापुढे कुठल्याही स्क्रीन रीडरची परीक्षा अशीच होईल, न दिसणाऱ्या माणसाकडून, कोऱ्या संगणकावर, कुणी हात न लावता. त्या कलमासमोर ‘लागू नाही’ लिहिलेलं उत्तर स्वीकारलं जाणार नाही. बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं, सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडलो, कुणी बघितलं असेल तर बघितलं असेल.

बोलक्याचे नवे पेनड्राइव्ह पहिल्या खेपेला ज्या कचेऱ्यांत चाललेत, त्यांची यादी मी बघितली. तुमच्यासारख्या खूप जणी आहेत, वहिनी. आणि खूप जण.

तुमचा दीर


३ जून

भाऊजी,

साहेब मेअखेरीला निवृत्त झाले. जाताना म्हणाले, “बाई, त्या आठवड्यात मी तुम्हाला घरी पाठवत होतो, ते चुकलं माझं.” मी म्हटलं, तुम्ही पाठवत होतात, मी गेले कुठे?

आज माझा पहिला दिवस. सकाळी संगणक विभागाचा माणूस आला होता. नव्या प्रणालीवर बोलक्या बसवून देतो म्हणाला. मी म्हटलं, बसवला. तो म्हणाला, कुणी? मी म्हटलं, चहा घ्या.

थोड्या वेळाने एक तरुण आला. आवाजावरून झोप न झालेला आणि आनंद मावत नसलेला. मुलगी झाली म्हणाला, दाखला हवाय. सगळं सांगत गेला, मी भरत गेले. शेवटी विचारलं, “सहीला साहेब कुठे बसतात?”

“साहेब निवृत्त झाले. आता मी बसते.”

तो हळूच म्हणाला, “तुम्हाला दिसत नाही ना?”

“नाही. पण तुमच्या मुलीचं नाव चुकणार नाही.”

दाखला छापून त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, एकदा मनात, एकदा मोठ्याने. म्हणाला, हे नाव आम्ही महिनाभर नुसतं बोलत होतो, आज पहिल्यांदा लिहिलेलं बघतोय. आणि पळत गेला, दाखवायला.

तो गेल्यावर मी दार लोटलं आणि बोलक्याला तोच दाखला परत वाचायला सांगितला, सावकाश. त्याने मुलीचं नाव वाचलं, आईचं, बापाचं, तारीख. आणि सगळ्यात खाली, नोंदणी अधिकारी म्हणून, माझं. ती शेवटची ओळ मी त्याला परत वाचायला लावली.

तुमची वहिनी